पुस्तक माझं, पैसेही माझेच

मराठी पुस्तकांचा व्यवहार प्रकाशकांनी बिघडवला, असं म्हणायची रीत आहे. माझं म्हणणं, त्यात आम्हा पगारदार लेखकांचा हात मोठा आहे.

मी मारतहळ्ळीत राहतो, रिंग रोडवरच्या कंपनीत नोकरी करतो आणि मुलगी झोपल्यावर लिहितो. कथासंग्रह तयार झाला तेव्हा एका प्रकाशकाने फोनवर कौतुक केलं आणि त्याच दमात हिशेब सांगितला : तीनशे प्रती, साठ हजार रुपये, त्यातल्या शंभर प्रती मी घ्यायच्या. मानधनाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पैसे मुलीच्या फीसाठी ठेवलेले होते. बायको एवढंच म्हणाली, "त्यांना तुझं पुस्तक हवं असतं, तर पैसे त्यांनी दिले असते ना?" मला राग आला, कारण उत्तर नव्हतं. पैसे भरले. सत्तरेक प्रती अजून दिवाणात आहेत.

हे माझ्या घरापुरतं असतं तर गिळलं असतं. पण मी साठ हजार दिले की तो दर होतो. बीडकडे तासिका तत्त्वावर शिकवणारी, माझ्याहून चांगलं लिहिणारी एखादी बाई फोन करते, तिलाही तोच आकडा ऐकू येतो. आणि निवड करायची, संपादन करायचं प्रकाशकाला कारणच उरत नाही. छापण्याआधीच त्याचा खर्च निघालेला असतो.

नोकरी करून लिहिणं हा दोष नव्हे. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात होते. गिरीश कार्नाड मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरी करत. त्याआधी, 1961 साली, त्यांचं 'ययाति' धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने काढलं. जी. बी. जोशींनी 1933 मध्ये सुरू केलेली ही माला वर्गणीदारांवर चाले. म्हणजे तिथेही पैसा आगाऊच येई, पण वाचकाच्या खिशातून. आमच्याकडे तो लेखकाच्या घरातून येतो, आणि त्याला आम्ही 'सहकार्य' म्हणतो!

दुसरा संग्रह तयार आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका प्रकाशकाने आकडा कळवला. मी उलट विचारलं, मानधन किती आणि करारनामा कधी पाठवता? अजून फोन आलेला नाही. मुलीची फी मात्र यंदा वेळेवर भरली.