भोसरीच्या वर्कशॉपचं सॉफ्टवेअर कोण करणार?

पुण्यातल्या स्टार्टअपला फंडिंग मिळालं की आपण पेढे वाटायचेच बाकी ठेवतो. अहो, व्हेंचर कॅपिटलचा फंड साधारण 10 वर्षांचा. दहातल्या बऱ्याच कंपन्या बुडाल्या तरी चालेल, एखादी प्रचंड वाढली पाहिजे, हा त्यांचा हिशोब. मग भोसरीच्या वर्कशॉपसाठी मराठीत स्टॉक-बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या पोराला सल्ला काय मिळणार? अमेरिकेचं मार्केट बघ! 2008 साली पुण्यात सुरू झालेल्या द्रुवाचं मुख्यालय आज कॅलिफोर्नियात आहे. गुन्हा नाही तो. पण झोहो व्हेंचरचा पैसा न घेता वाढलीच ना, तीही तेनकासीसारख्या गावात ऑफिस थाटून? आमचे नेते मात्र युनिकॉर्न मोजतायत. माझा प्रश्न साधा आहे: इथल्याच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला बँक कर्ज देते का? विनातारण योजना कागदावर आहेत. शाखेत गेलं की फ्लॅटचे पेपर मागतात.