१२८ जीबीचा पेन ड्राइव्ह ३२ जीबीच का दिसतो? हरवलेली जागा परत कशी मिळवायची?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर अनेकांनी घरच्या घरी विंडोज ११ किंवा लिनक्स टाकायला घेतलं. त्यासाठी कपाटातला पेन ड्राइव्ह बाहेर आला, काम झालं आणि मग लक्षात आलं की १२८ जीबीचा ड्राइव्ह आता जेमतेम ३२ जीबी दाखवतोय. पेन ड्राइव्ह खराब झाला का? बहुतेक वेळा नाही.

नेमकं होतं काय?

मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल विंडोजचा इन्स्टॉलेशन ड्राइव्ह बनवताना त्यावर फॅट३२ पद्धतीचा, जास्तीत जास्त ३२ जीबीचा एकच कप्पा तयार करतं. या कप्प्याला पार्टिशन म्हणतात. उरलेली जागा तशीच पडून राहते. ती कोणत्याही कप्प्यात नसल्यामुळे 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही.

हा ३२ जीबीचा आकडा जुना आहे. फॅट३२ ला याहून मोठा कप्पा चालतो, पण विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ही मर्यादा नव्वदच्या दशकापासून चालत आली. ती खिडकी लिहिणारे मायक्रोसॉफ्टचे माजी अभियंते डेव्ह प्लमर यांनीच ती तात्पुरती सोय असल्याचं सांगितलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांड लाइनसाठी ही मर्यादा २ टीबीपर्यंत वाढवण्यात आली.

लिनक्सचा ड्राइव्ह बनवल्यावर तर कधीकधी काही एमबीच दिसतात, कारण लिनक्सचे कप्पे विंडोजला वाचता येत नाहीत.

थोडी जागा कमी दिसणं मात्र नेहमीचंच

कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. म्हणून ६४ जीबीचा ड्राइव्ह सुमारे ५९.६ आणि १२८ जीबीचा सुमारे ११९ जीबी दिसतो. हा फरक कोणत्याही उपायाने भरून निघत नाही.

जागा परत कशी मिळवायची?

आधी ड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे कॉपी करा. पुढच्या कृतीत ते पुसलं जाणार आहे.

१. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा.
२. खालच्या यादीत पेन ड्राइव्ह आकारावरून ओळखा. काळ्या पट्टीची 'अनअलोकेटेड' जागा म्हणजेच हरवलेले जीबी.
३. त्याच ड्राइव्हवरच्या प्रत्येक कप्प्यावर राइट क्लिक करून 'डिलीट व्हॉल्यूम' निवडा.
४. मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घ्या, फॉरमॅट 'एक्सफॅट' ठेवा.

फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, एक्सफॅटवर बसते. पण जुना टीव्ही किंवा गाडीतला म्युझिक सिस्टिम एक्सफॅट वाचेलच असं नाही.

मॅकवर 'डिस्क युटिलिटी'मध्ये 'शो ऑल डिव्हायसेस' निवडून पेन ड्राइव्हची सर्वांत वरची ओळ 'इरेझ' करावी लागते.

रील्समधला 'डिस्कपार्ट' उपाय सुरक्षित आहे का?

उपाय बरोबर आहे, पण घाईत महागात पडू शकतो. त्यातली 'क्लीन' ही कमांड 'नक्की पुसू का?' असं विचारत नाही. 'सिलेक्ट डिस्क'पुढचा क्रमांक चुकला, तर पेन ड्राइव्हऐवजी दुसऱ्या हार्ड डिस्कवरचे घरचे फोटो आणि कागदपत्रं जाऊ शकतात. असं झालंच, तर त्या डिस्कवर नवीन काहीही कॉपी करू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअरने डेटा परत मिळण्याची शक्यता तेव्हाच राहते.

आणि '२ टीबी, फक्त ४९९'?

इथे उलटा प्रकार असतो. आतली चिप लहान असते, पण तिच्या फर्मवेअरमध्ये फेरफार करून कॉम्प्युटरला मोठा आकडा दाखवला जातो. खरी जागा संपली की नव्या फाइल्स जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा नाहीशा होतात. नावं दिसत राहतात, फाइल उघडत नाही. लग्नाचे फोटो गेल्याचं अनेकदा काही महिन्यांनी कळतं. अशा ड्राइव्हची जागा फॉरमॅट करून 'परत' येत नाही, कारण ती कधी नव्हतीच.

त्यामुळे नवा ड्राइव्ह घेतल्यावर, रिटर्नची मुदत संपण्याआधीच तो तपासावा. 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ३' ही मोफत साधनं ड्राइव्ह पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतात. वेळ लागतो, पण खरा आकडा समजतो. फसवणूक निघाली आणि विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिल आणि चाचणीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, पण त्याच पेन ड्राइव्हमध्ये नको.