विश्लेषण : ‘गोड बंद करा’ सांगून गोड बंद का होत नाही? गेवराईच्या फडापासून दवाखान्यापर्यंत सवयींचं गणित

‘गोड बंद करा, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज चाला.’ गेवराई तालुक्यातल्या कुठल्याही सरकारी किंवा खासगी दवाखान्यात साखरेचा किंवा बीपीचा रुग्ण गेला, की ही चार वाक्यं ऐकून बाहेर येतो. बाहेर रांग असते, डॉक्टरांकडे वेळ नसतो. रुग्णही ‘बरंय साहेब’ म्हणतो, गोळ्यांची पिशवी घेतो आणि एसटी यायला वेळ आहे म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतो. तो चहा गोडच असतो.

यावर आपली ठरलेली प्रतिक्रिया म्हणजे, लोक ऐकतच नाहीत. डॉक्टर तसं म्हणतात, घरचे म्हणतात आणि रुग्ण स्वतःही तसंच म्हणतो. हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे.

आधी आवाका पाहू. आयसीएमआर-इंडियाब हा देशव्यापी अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साधारण 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब असलेल्यांचा आकडा 31 कोटींच्या पुढे जातो. यांतल्या प्रत्येकाला काही ना काही सवय बदलायला सांगितलं जातं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालाचं म्हणणं असं, की दीर्घ आजारांत ठरलेले उपचार नीट पाळणारे रुग्ण श्रीमंत देशांतही सरासरी निम्मेच असतात आणि गरीब देशांत त्याहून कमी. म्हणजे प्रश्न गेवराईच्या माणसाच्या ‘अडाणीपणा’चा नाही. लंडनचा माणूसही गोळ्या विसरतोच.

‘मला कळतं ना बीपी वाढलं की’

आरोग्य मानसशास्त्र नावाची शाखा नेमकं हेच तपासते, की माहिती असूनही माणूस तसं का वागत नाही. तिच्यातला एक जुना अभ्यास मला फार आवडतो. 1985 मध्ये अमेरिकेत हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना विचारलं, बीपी वाढलेलं माणसाला आपोआप कळतं का? बहुतेकांनी डॉक्टरांकडून ऐकलेलं बरोबर सांगितलं, नाही कळत. मग विचारलं, तुम्हाला तुमचं कळतं का? त्यावर बहुतेकांचं उत्तर होतं, हो, मला कळतं. डोकं जड होतं, चेहरा गरम होतो वगैरे. आणि औषधही ते त्या लक्षणांच्या हिशोबानेच घेत होते.

आपल्या घरात हे वाक्य कुणी ऐकलं नसेल असं वाटत नाही. ‘आता बरं वाटतंय, गोळी कशाला?’ ताप उतरला की गोळी बंद, हे आपल्या डोक्यातलं आजाराचं चित्र आहे आणि तापासाठी ते ठीकच आहे. मधुमेह आणि बीपी या चित्रात बसत नाहीत. ते दुखत नाहीत. इंजिनिअरिंगला असताना आम्हाला फीडबॅक शिकवायचे. चूक झाल्याचा सिग्नल जितका उशिरा येईल, तितकं यंत्र ताळ्यावर ठेवणं अवघड होतं. गोड चहाचं सुख तोंडात ठेवताक्षणी मिळतं. त्याची किंमत दहा-पंधरा वर्षांनी किडनीच्या, डोळ्याच्या किंवा पायाच्या बोटाच्या रूपात मोजावी लागते. एवढ्या उशिराने येणाऱ्या सिग्नलवर मेंदू वागणं सुधारत नाही आणि यात इच्छाशक्तीचा दोष फार कमी आहे.

म्हणून ग्लुकोमीटर आणि बीपीचं मशीन ही नुसती तपासणीची साधनं नाहीत. ती तो उशिरा येणारा सिग्नल लवकर दाखवतात. आज पुरणपोळी खाल्ल्यावर दोन तासांनी आकडा किती गेला, हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहणं दहा व्याख्यानांवर भारी पडू शकतं. अट एकच. तो आकडा पाहून कुणी ओरडू नये. ओरडा बसणार असेल, तर माणूस तपासणीच टाळतो.

निर्धार नको, ‘जर-तर’ ठरवा

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 1999 मध्ये एक साधी गोष्ट मांडली. ‘मी नियमित गोळी घेईन’ हा निर्धार ढिला असतो. ‘सकाळी भाकरी तव्यावर टाकली की डब्यातली गोळी काढीन’ ही योजना घट्ट असते, कारण आठवण ठेवायचं काम तव्यावर सोपवलेलं असतं. नवी सवय रोज हमखास घडणाऱ्या जुन्या सवयीला बांधायची. धार काढून आल्यावर, दिवाबत्ती झाल्यावर, मोबाईल चार्जिंगला लावताना, जे ज्याच्या दिवसात पक्कं असेल त्याला.

‘21 दिवसांत सवय लागते’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं वाक्य मात्र विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ कुणाचा 18 दिवस, तर कुणाचा 254 दिवसांपर्यंत असा अंदाज निघाला. मधला आकडा साधारण 66 दिवसांचा. त्यातली अधिक कामाची गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. आपल्याकडे उलट होतं. लग्नात जिलेबी खाल्ली, आता मोडलंच पथ्य, म्हणून पुढचा महिनाभर मोकळीक.

सोडायच्या सवयींचं तंत्र वेगळं. मिश्रीची डबी चुलीजवळ असेल, तर हात तिकडे जाणारच. डबी नजरेआड गेली, की निदान मध्ये एक अडथळा येतो. मीठ कमी करायचं असेल, तर ताटात वरून मीठ वाढणं आणि रोजचं लोणचं-पापड इथून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ सांगते. आपण त्याहून बरंच जास्त खातो. ठेचा बंद करा असं सांगणारा डॉक्टर मराठवाड्यात टिकणार नाही. ठेच्यात मीठ निम्मं करा असं सांगणारा टिकेल.

माळ घातलेला माणूस

आपल्याकडे सवय बदलण्याचं एक जुनं, कसाला उतरलेलं तंत्र आहे आणि ते कुठल्या जर्नलमधून आलेलं नाही. गावात कुणी पंढरीची माळ घातली, की त्याची दारू आणि मटण सुटतं. वर्षानुवर्षं पिणारा माणूस कसा थांबतो? कारण त्याने ‘दारू कमी करीन’ असं म्हटलेलं नसतं, तर ‘मी माळकरी आहे’ असं म्हटलेलं असतं. ओळखच बदलते. माळ सगळ्यांना दिसते, त्यामुळे कुणी आग्रह करत नाही. एकादशीला, सप्ताहात, वारीत त्याच्यासारखेच चार जण सोबत असतात. आज मानसशास्त्र ज्याला ओळख, जाहीर वचन आणि गटाचा आधार म्हणतं, ते तिन्ही यात आले. (एकादशीच्या साबुदाण्याने साखर किती वाढते, हा वेगळा विषय. मधुमेही माळकऱ्यांनी त्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावं.)

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची आहारपद्धती मराठवाड्यात घरोघरी का पोहोचली, याचं उत्तरही इथेच सापडतं. मूळ मांडणी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांची. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, रोज चाला. या पद्धतीवर अनेक आहारतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याने डॉक्टरांना न विचारता असा प्रयोग करू नये. पण सवय बदलण्याच्या अंगाने पाहिलं, तर तिच्यात शिकण्यासारखं बरंच आहे. नियम दोन बोटांवर मोजता येतो. कॅलरीचा हिशोब नाही. तपासणीचे आकडे आधी आणि नंतर पाहिले जातात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्यासारखेच शेकडो लोक असतात.

मोबाईलचा उपयोग होतो याला पुरावाही आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 पुरुषांवर केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आहार आणि व्यायामाबद्दल नियमित साधे एसएमएस गेले. दोन वर्षांनी एसएमएस मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना मधुमेह झाला, तर न मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना. तेव्हाचा साधा फोन एवढं करू शकला. आजच्या स्मार्टफोनवर मात्र ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे फॉरवर्ड जास्त येतात.

बोलण्याची रीत

अमेरिकेतले विल्यम मिलर दारू सोडवण्यासाठी रुग्णांशी बोलत असत. समजावणारा जितका जोर लावतो, तितका ऐकणारा स्वतःच्या सवयीची बाजू घेऊ लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं. 1983 मध्ये त्यांनी त्यावर संवादाची वेगळी पद्धत सुचवली. बदलाची कारणं डॉक्टरने सांगायची नाहीत, रुग्णाच्या तोंडून यायला हवीत. आपल्याकडे आशाताई आणि तंबाखू खाणारे एखादे नाना यांच्यात ते कसं दिसेल?

नेहमीची पद्धत : ‘नाना, किती वेळा सांगितलं तंबाखू सोडा म्हणून! कॅन्सर होईल ना.’ नाना म्हणतात, ‘आमचा बाप नव्वद वर्षं खात होता.’ बोलणं संपलं.

दुसरी पद्धत : ‘नाना, तंबाखूचं काय चांगलं वाटतं तुम्हाला?’ ‘काम करताना तरतरी येते.’ ‘आणि काही खटकतं का?’ ‘नात जवळ येत नाही. वास येतो म्हणते.’ ‘मग काय करावं म्हणता?’ आता पुढचं वाक्य नानांना बोलायचं आहे. एका भेटीत तंबाखू सुटत नाही, पण दार उघडं राहतं. सोडायची तयारी झाली, तर 1800-11-2356 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

पण सहा महिने फडात असणाऱ्याचं काय?

इथपर्यंतचं सगळं ‘रोजचा दिवस ठरलेला असलेल्या’ माणसासाठी आहे. गेवराईतल्या हजारो कुटुंबांचा दिवस वर्षातून दोनदा पूर्ण बदलतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा थेट कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तिथे कोपीत राहणं, पहाटे अंधारात उठणं, रात्री-अपरात्री ट्रक-ट्रॅक्टर भरणं. खाडा झाला की पैसे कापले जातात. या माणसाला ‘रोज अर्धा तास चाला’ म्हणून कागद देणं ही थट्टा आहे.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे गोळ्यांचं प्रमाण बसवलेलं असतं गावातल्या दिवसांच्या हिशोबाने. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, जेवण पुढे ढकलून, दिवसभर कोयता चालवला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, गरगरतं. फडात याला ‘ऊन लागलं’ म्हणतात. दोन-तीनदा असं झालं, की माणूस स्वतःच निष्कर्ष काढतो, या गोळीने अंगातली ताकद जाते. गोळी बंद. आपण म्हणतो, ऐकत नाही. त्याने तर अनुभवातून शिकून सवय बदललेली असते!

आणि ज्याने गोळी सुरू ठेवली, त्याच्या गोळ्या महिन्याभरात संपतात. एक खाडा करून अनोळखी गावातलं सरकारी केंद्र शोधायचं, तिथे जुना कागद दाखवायचा, हे किती जण करतील?

सवय टिकते ती इच्छा, क्षमता आणि संधी तिन्ही असल्या तर. सुसान मिची आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेलं हे सूत्र आज जगभर वापरलं जातं. आपला सगळा जोर इच्छेवर आहे, संधीवर कुणी बोलत नाही. ते बदलता येतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातून सुरुवातीला भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. तिथे भाषणं वाढवली नाहीत. औषधांचा ठरलेला सोपा क्रम, घराजवळच्या केंद्रात गोळ्यांचा पुरेसा साठा, परिचारिकांचा सहभाग, तारीख चुकवलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, यांवर भर दिला. या उपक्रमाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. यातल्या साताऱ्यात आपलेच लोक ऊस तोडायला जातात.

बीडमध्ये नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. 2019 मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हापासून हंगामाला जाण्याआधी आणि आल्यावर तपासणीचा आग्रह धरला जातो. त्याच तपासणीत बीपी आणि साखर मोजून, ज्यांचे आजार आटोक्यात आहेत त्यांना किमान तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. कष्टाच्या कामाचा विचार करून डॉक्टरांनी प्रमाण तेव्हाच नव्याने ठरवावं. आभा क्रमांकावर नोंद असली, तर कर्नाटकातल्या डॉक्टरलाही ती रुग्णाच्या संमतीने पाहता यावी, हीच त्या योजनेमागची कल्पना आहे. आणि मुकादमाने आजारी माणसाचा दवाखान्याचा दिवस खाडा धरू नये, हे साखर कारखान्यांनी लेखी मान्य करावं. हा शेवटचा मुद्दा आरोग्य खात्याच्या हातातला नाही, म्हणून तोच सर्वात आधी विसरला जाईल अशी भीती वाटते.

यंदा फडावर निघणाऱ्या ज्या कुणाला साखरेची गोळी चालू आहे, त्याने निघण्याआधी डॉक्टरांना एवढं तरी सांगावं : ‘साहेब, मी ऊसतोडीला चाललोय, तिथे जेवणाची वेळ नक्की नसते.’ आणि खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी ठेवावी. घाम सुटून हात थरथरायला लागले, तर कोयता खाली ठेवून आधी ती तोंडात टाकायची आणि बरं वाटल्यावर लगेच काहीतरी खायचं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, 108 ला फोन करावा. ही गोष्ट जोडीदारालाही माहीत हवी.