आकाशातील उमेदवारी

कॅनडाच्या उत्तर भागात, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी यलोनाइफ हे शहर वसलेले आहे. हिवाळ्यात तेथील पारा कधी कधी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे लहान विमानांच्या इंजिनांवर जाड पांघरुणे घालून ती उष्ण हवेने तापवावी लागतात आणि पंखांवर साचलेले हिम झाडून काढावे लागते. मग इंधनाची नळी ओढत आणायची, किराणा मालाची खोकी आणि यंत्रांचे सुटे भाग विमानात चढवायचे आणि विमान उडाले की पुढच्या विमानाच्या तयारीला लागायचे. ही कामे करणारे तरुण परक्या माणसाला हमाल वाटतील. वस्तुतः त्यांच्यापैकी अनेकांच्या खिशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असतो. विमान चालविण्याची विद्या त्यांनी पदरचे किंवा कर्जाऊ पैसे खर्चून संपादन केलेली असते. आज ना उद्या आपल्याला त्याच विमानाच्या उजव्या आसनावर, म्हणजे सह-वैमानिकाच्या जागी, बसायला मिळेल या आशेवर ते महिनोन् महिने, क्वचित वर्ष-दोन वर्षेही, ओझी वाहत असतात. विमानतळावरील ज्या फरसबंद जागेत विमाने उभी राहतात तिला रॅम्प म्हणतात आणि तेथील या कष्टांना कॅनडातील वैमानिक ‘रॅम्पवरची नोकरी’ म्हणूनच ओळखतात.

शिकून सवरून बाहेर पडलेल्या वैमानिकावर ही पाळी का यावी? याचे कारण आपल्याकडील सुशिक्षित तरुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. अनुभव असल्याशिवाय नोकरी नाही आणि नोकरी लागल्याशिवाय अनुभव नाही, हे कोडे त्याच्या परिचयाचे आहे. कॅनडात, आणि भारतातही, व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण पुरते. मोठ्या विमानाचे कप्तानपद देणाऱ्या वरच्या परवान्यासाठी मात्र १५०० तास लागतात. या दोहोंमधले अंतर कापायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. विमानाचा विमा उतरविणारी कंपनी नवख्याच्या हाती विमान द्यायला नाखूष असते आणि मालकही पाचशे-हजार तासांचा अनुभव मागतो. मग काहीजण इतरांना विमान शिकवून आपले तास वाढवितात. उरलेले, जेथे जायला इतर कोणी राजी नसते, तेथे जातात.

अशी ठिकाणे जगात अनेक आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पाऊस ओसरून कोरडा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास हे तरुण जुन्या मोटारी घेऊन हजारो किलोमीटरचा प्रवास करतात आणि डार्विन, ब्रूम, कुनुनुरा येथील लहान विमान कंपन्यांचे उंबरे झिजवितात. हवाई नोकरी मिळेपर्यंत एखाद्या खानावळीत किंवा मद्यालयात पडेल ते काम करतात. आफ्रिकेत बोट्स्वानामधील माउन हे असेच दुसरे ठिकाण. ओकावांगो नदीच्या विशाल त्रिभुज प्रदेशात पर्यटकांचे तळ विखुरलेले आहेत आणि तेथे जाण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे लहान विमान. विमान उतरते ते मातीच्या आखूड पट्टीवर आणि त्यापूर्वी पट्टीवरचे हत्ती वा हरणे दूर झाली आहेत ना, हे पाहावे लागते. अशा गावी टपालाने धाडलेल्या अर्जाला फारशी किंमत नसते. उमेदवाराने स्वतः जाऊन उभे राहावे, ओळख करून घ्यावी आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावी, अशी रीत आहे. विमान चालविता येते की नाही याइतकाच हा माणूस येथे टिकेल की नाही, हा प्रश्न मालकाला महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात त्याचे फारसे चुकते असेही नाही.

या कष्टांबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. उमेदवारी ही प्रत्येक धंद्यात असते आणि विमानविद्येत तर तिची परंपरा जुनी आहे. पुढे लेखक म्हणून जगप्रसिद्ध झालेला आंत्वान द सेंत-एक्झुपेरी १९२६ साली तुलूझ येथील लातेकोएर कंपनीत टपाल-वैमानिक होण्यासाठी गेला, तेव्हा तेथील करडा व्यवस्थापक दिदिए दोरा याने त्याला आधी कारखान्यात इंजिनांच्या कामाला लावले. ज्या यंत्रावर आपला जीव सोपवायचा ते हाताखालून गेलेले असावे, यात शहाणपणच आहे. पंखावरचे हिम ज्याने स्वतःच्या हाताने खरवडले आहे, त्याला त्याचे भय वेगळे सांगावे लागत नाही. जेथे मदतीला रडार नाही, दूरवर दुसरा विमानतळ नाही आणि हवामान तासाभरात बदलते, तेथे काढलेली दोन वर्षे वैमानिकाला जे शिकवितात ते स्वयंचलित यंत्रणेच्या भरवशावर काढलेल्या दहा वर्षांतही शिकता येईलच असे नाही. दुर्गम भागात हात बसलेले वैमानिक पुढे मोठ्या कंपन्यांत नावाजले जातात, ते यामुळेच.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सर्वांत अवघड उड्डाण सर्वांत नवख्या हाती सोपविले जावे, हा उफराटा न्याय आहे. अनुभवी माणसाला शहराकडची, चांगल्या पगाराची नोकरी मिळाली की तो निघून जातो. मागे उरतात ते ज्यांना दुसरीकडे कोणी विचारीत नाही असे. वैमानिकाचे मोठे कौशल्य विमान उडविण्यात नसून, ते केव्हा उडवू नये हे ओळखण्यात आणि तसे तोंडावर सांगण्यात असते. ‘आज ढग खाली आहेत, मी जाणार नाही’, ‘ओझे प्रमाणाबाहेर आहे, दोन खोकी उतरवा’, ‘पंखांवर बर्फ आहे, ते काढल्याशिवाय मी हलणार नाही’ ही वाक्ये म्हणायला सोपी आहेत. मात्र ज्याने वर्षभर ओझी वाहून ही जागा मिळविली, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याच्या मागे त्याच जागेसाठी दहा उमेदवार उभे आहेत, त्याच्या तोंडून ती निघणार कशी? अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण त्याच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते. मालकाने प्रत्यक्ष दटावण्याचीही गरज नसते. काल दुसरा गेला होता, एवढे कोणी सहज बोलले तरी पुरते.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने लहान विमानांच्या भाडोत्री वाहतुकीची दीर्घ पाहणी करून २०१९ साली अहवाल प्रसिद्ध केला. व्यावसायिक हवाई वाहतुकीच्या इतर कोणत्याही क्षेत्रापेक्षा या क्षेत्रात अपघात आणि मृत्यू अधिक होतात, असे मंडळाने नमूद केले. त्याची दोन मुख्य कारणे त्याने सांगितली: असुरक्षित प्रथा अंगवळणी पडणे आणि धोक्यांचे नीट व्यवस्थापन न होणे. १३ डिसेंबर २०१७ रोजी सस्कॅचेवान प्रांतातील फाँ-द्यु-लाक या दुर्गम वस्तीतून २५ जणांना घेऊन निघालेले विमान उड्डाण करताच कोसळले आणि त्यात जखमी झालेला एक प्रवासी पुढे दगावला. विमानाच्या अंगावर बर्फ असतानाच ते उडविले गेले होते आणि ते काढण्याची पुरेशी साधने त्या धावपट्टीवर नव्हती. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्याचे वैमानिक नवखे नव्हते. म्हणजे दोष केवळ कोवळ्या वयाचा नाही, वहिवाटीचा आहे. नवा वैमानिक अशा ठिकाणी येतो तेव्हा तो ही वहिवाटच शिकतो आणि तिलाच अनुभव समजू लागतो.

म्हणूनच नुसते तास वाढविण्याचा उपाय अपुरा आहे. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान पडून ५० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून, काही अपवाद सोडून, प्रवासी कंपनीच्या सह-वैमानिकालाही १५०० तासांची अट लागू झाली. अपघातग्रस्त विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास मात्र त्याहून अधिकच होते. प्रश्न होता तो शिक्षणाचा, थकव्याचा आणि संकटसमयी हाताने नेमके काय करावे याचा. तासांची वही ही शाळेतील हजेरीपटासारखी असते: विद्यार्थी वर्गात बसला होता एवढे ती सांगते, तो काय शिकला हे सांगत नाही. शिवाय अट जितकी उंच, तितका मधल्या काळातला उमेदवार अधिक अगतिक, हेही विसरता येत नाही.

या प्रकरणात ज्यांचे नाव कोणी घेत नाही, असा एक तिसरा पक्ष आहे: त्या विमानात मागे बसणारे लोक. उत्तर ऑन्टारिओत, मॅनिटोबात, वायव्य प्रदेशांत अशा अनेक आदिवासी वस्त्या आहेत, की जेथे बारमाही रस्ता पोहोचत नाही. फार तर गोठलेल्या सरोवरांवरून हिवाळ्यात काही आठवडे वाहने जातात. एरवी औषध, टपाल, धान्य, शाळेतील शिक्षक आणि बाळंतपणासाठी शहरात न्यावयाची बाई हे सर्व लहान विमानातूनच येते-जाते. पर्यटक हौसेने चढतो. या माणसांना पर्याय नसतो. नव्या वैमानिकाचा अनुभव शेवटी कोणाच्या जिवावर साठतो, असे विचारले तर उत्तर त्यांच्याकडे बोट दाखविते. महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. नवा डॉक्टर आणि नवा शिक्षक मेळघाटात किंवा गडचिरोलीत धाडावा, आणि तो थोडा तयार झाला की त्याने बदली करून घ्यावी, हा क्रम आपणही पाहत आलो आहोत.

भारतीय वैमानिकाची अडचण आणखी निराळी आहे. आपल्याकडे ही मधली शिडी जवळजवळ नाहीच. बारामती, गोंदिया येथे किंवा परदेशात शिकून २०० तासांचा परवाना घेतलेला तरुण, पुन्हा लाखो रुपये खर्चून एका विशिष्ट जातीच्या मोठ्या विमानाचे प्रशिक्षण घेतो आणि थेट दीडशेहून अधिक प्रवाशांच्या विमानातील उजव्या आसनासाठी अर्ज करतो. ते आसन मिळाले तर ठीक. परंतु किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा हजारो तासांचे वैमानिक बाजारात उभे राहिले. त्यांच्यापुढे दोनशे तासांच्या मुलाला कोण विचारणार? घर वा शेत गहाण ठेवून मुलाला शिकविणाऱ्या पालकांनी हा हिशेब आधी मांडला पाहिजे. परवाना म्हणजे नोकरी नव्हे. १२ एप्रिल २०२२ रोजी देशी बनावटीचे सतरा आसनी डॉर्निअर विमान दिब्रुगडहून अरुणाचलातील पासीघाटला गेले, तेव्हा अशा मधल्या पायरीची शक्यता दिसली. डोंगराळ आणि बेटांच्या प्रदेशात अशी सेवा जोमाने वाढली, तर तेथील जनतेची सोय होईल आणि नव्या वैमानिकांनाही खरी शाळा मिळेल. ती उभारताना कॅनडाच्या चुका गिरविण्याचे मात्र कारण नाही.

यासाठी काय करावे लागेल? उमेदवारी ठेवावी, पण तिला मुदत असावी. जमिनीवरच्या कामाला रास्त वेतन द्यावे आणि किती महिन्यांनी विमानात बसावयास मिळेल, हे लेखी सांगावे. नवख्याला एकट्याने न सोडता प्रथम अनुभवी वैमानिकाच्या शेजारी बसवावे, आणि त्या अनुभवी माणसाने दुर्गम भागात राहावे यासाठी त्याला शहरापेक्षा अधिक मोबदला द्यावा. तो खर्च तिकिटातून निघणार नाही. तो शासनाने उचलावा, कारण रस्ता नसलेल्या गावाला विमान हाच रस्ता आहे. कॅनडाने थकव्यासंबंधीचे नवे नियम मोठ्या कंपन्यांना डिसेंबर २०२० पासून लावले आणि लहान कंपन्यांना डिसेंबर २०२२ पासून. लहान मालकांच्या अडचणी खऱ्या असतील, तथापि जेथे धोका अधिक तेथे संरक्षण उशिरा पोहोचावे, हे समर्थनीय नाही. या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाला त्या नकाराची किंमत मोजावी लागू नये, अशी तजवीज हवी. तसे नियम कागदावर करता येतात, परंतु ते अमलात येतात ते कंपनीतील ज्येष्ठांच्या वागणुकीतून. ज्या दिवशी ज्येष्ठ कप्तान स्वतः हवामान पाहून माघारी फिरतो आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही, त्या दिवशी रॅम्पवरच्या दहा मुलांना जो धडा मिळतो तो कोणत्याही पुस्तकात नसतो.

जे तरुण या वाटेने जाऊ इच्छितात त्यांना नाउमेद करण्याचा आमचा हेतू नाही. पंखांवरचे हिम झाडण्यात कमीपणा नाही आणि दूरच्या गावी दोन वर्षे काढण्यात तोटाही नाही. मात्र पहिली नोकरी पत्करताना त्यांनी पगार आणि तास यांच्याबरोबर आणखी एक चौकशी करावी: येथे यापूर्वी कोणी ‘आज नाही’ म्हटले, तेव्हा त्याचे पुढे काय झाले? या प्रश्नाचे सरळ उत्तर जेथे मिळते, तेथे ओझी वाहूनही शिकावे. जेथे उत्तर टाळले जाते, तेथे उद्याच विमान हाती मिळत असले तरी पुढच्या गावी जावे.