कामगार संघटना आणि गाळपाचे काम



गळीत हंगाम तोंडावर आला की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते : "युनियनमुळे कारखान्यात कामच होत नाही." तोडलेला ऊस गाडीत वाळायला लागला की शेतकऱ्याचा जीव कसा टांगणीला लागतो, ते आम्हीही भोगतो. तरी हे वाक्य जरा तपासून घ्यावे म्हणतो.

पुण्याचेच उदाहरण घ्या. पिंपरीच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, राजन नायर यांची संघटना आणि व्यवस्थापन यांचा वाद १९८९ साली विकोपाला गेला. मारहाणीचे प्रकारही झाले. त्यांचे समर्थन कोणी करू नये. व्यवस्थापनाने पगारवाढीचा करार केला तो दुसऱ्याच संघटनेशी. तेव्हा नायर यांच्यामागचे कामगार सप्टेंबरात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. महिनाअखेरीस पोलिसांनी रात्रीतून त्यांना उचलले, आणि संप मोडला. कंपनी जिंकली, असे लोक म्हणाले.

जिंकली असेल. पण टेम्पोचे सुटे भाग गोदामात महिनाभर पडले तरी नासत नाहीत. तोडलेला ऊस दुसऱ्या दिवशीच वजनाला घटतो, उतारा पडतो. संप मोडून जिंकणे मोटारवाल्यांना परवडते, आपल्याला नाही. कामगारांचा विश्वास ज्या संघटनेवर आहे तिला डावलून सोयीच्या संघटनेशी सही केली, तर कागद होतो, काम होत नाही.

दुसरी बाजूही आहे. हजेरी लावून पाळीत झोपणाऱ्याला युनियन पाठीशी घालत असेल, तर शेजारचा कष्टाळू गडीसुद्धा हात आखडता घेतो. हे पुढाऱ्यांना तोंडावर सांगितले पाहिजे. पण मिलचे बेअरिंग तापतेय, आता थांबवा, असे साहेबाला बेधडक सांगणारा कामगारही बहुधा पाठीमागे संघटना असलेलाच असतो. भिणारा गप्प बसतो, मग मिल आठ तास बंद! आणि पगार महिनोन् महिने थकवून, मोसमी कामगाराचा बिगरहंगामातला रिटेन्शन भत्ता अडवून चोख कामाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? उसाचे बिल थकले की आपण काय करतो, ते आठवा.

कारखान्यात बंद तासांची नोंद कारणवार असते : ऊस नाही, यंत्रात बिघाड, वीज, इतर. ही नोंद दर महिन्याला या वार्तापत्रात छापावी. कामगारांमुळे किती तास गेले आणि आपल्या तोडणी-वाहतुकीच्या घोळामुळे किती, ते सर्वांना दिसेल. कदाचित आपलीच मान खाली जाईल, बरं का!

आणि संघटनेशी बोलणी बॉयलर पेटण्याआधी उरकावीत. गव्हाणीत मोळी पडल्यावर नव्हे. येत्या वार्षिक सभेत या दोन्ही सूचना आम्ही लेखी देणार आहोत. ज्यांना पटतील त्यांनी सह्या कराव्यात.