मुलाची भाषा अडली म्हणून घराची भाषा तोडू नका

वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत आमच्या शेजारी पाच वर्षांचा एक मुलगा राहतो. नानी त्याच्याशी कोकणी बोलते, अम्मी-अब्बू हिंदी-उर्दू, खाली खेळणारी मुले मराठी आणि शाळा इंग्रजी. तो अजून दोन-तीन शब्दांपुढे वाक्य नेत नाही. शाळेने सांगितले, 'घरी फक्त इंग्रजी बोला.' तेव्हापासून नानी गप्प आहे. तिला इंग्रजी येत नाही.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण सल्ला चुकीचा आहे. जास्त भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. इंग्लंडमध्ये फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला, त्यातही सुमारे साडेसात टक्के मुलांना असा विकार आढळला. म्हणजे तीसच्या वर्गात दोन मुले!

फरक ओळखायची खूण सोपी आहे. मूल शाळेत गप्प पण घरी भरभरून बोलत असेल, तर त्याला इंग्रजी नवी आहे, इतकेच. घरच्या भाषेतही ते अडखळत असेल, तर तपासणी हवी.

अशा मुलाला ऐकलेले काही सेकंद डोक्यात धरून ठेवणे जड जाते. 'दप्तर ठेव, हात धू, मग जेवायला ये' म्हटले की ते थेट ताटावर येऊन बसते. आपण त्याला हट्टी म्हणतो. तज्ज्ञ तपासताना मुलाला अर्थ नसलेले शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात. यातली बरीच मुले तिथे अडतात. मकतबमध्ये कायदा शिकणारे मूलही अर्थ न कळणारे ध्वनी ऐकून परत म्हणत असते. म्हणून ही अडचण आईबापांच्या आधी उस्तादांच्या लक्षात येऊ शकते. तिथे 'ध्यान नाही' म्हणून छडी उगारण्याऐवजी पालकांना बोलावून सांगितले, तर केवढा फरक पडेल!

आधी कान तपासून घ्या. मग वाचा-भाषातज्ज्ञाकडे जा आणि मुलाच्या सगळ्या भाषा त्यांना सांगा. एकट्या इंग्रजीवरून निदान होऊ देऊ नका. आपल्या लोकलच्या वाटेवरच, वांद्र्याला, १९८३ साली सुरू झालेली वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही बोली किंवा लिखित भाषा समजून घेण्यातली उणीव 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या प्रकारात नोंदलेली आहे. तेव्हा शाळेकडे मदत मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे.

'त्याचे अब्बूही उशिराच बोलले', 'नजर लागली', 'मोठा झाला की सुधारेल' हे आपण घरोघरी ऐकतो. दुआ जरूर करा, पण तपासणीची तारीखही घ्या. घरातले शिकलेले भाऊ-बहीण आपणच आहोत. अर्ज भरणे, अम्मीसोबत वांद्र्याला जाणे, शाळेत बोलणे ही कामे आपली.

आणि नानीला सांगा, बोलत राहा. रोज रात्री कोकणीत एक गोष्ट सांगा, हळू, छोट्या वाक्यांत, पुन्हा पुन्हा. ज्या मुलाला शब्द कमी पडतात, त्याच्याशी बोलणारे माणूस कमी करून कसे चालेल?