नाक्याची भरपाई झाली, कापसाचे काय?

मुंबईला माल पोचवणाऱ्या ट्रकवाल्यांना मुलुंडचा आणि दहिसरचा जकात नाका पाठ होता. रांगेत ताटकळायचे, कागद दाखवायचे, पैसे भरायचे, मगच गाडी आत. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि ही जकात बंद झाली. त्यासाठी घटनेची 101 वी दुरुस्ती करावी लागली. आपल्या विधिमंडळाने 29 ऑगस्ट 2016 रोजी मुंबईत विशेष अधिवेशन भरवून तिला संमती दिली.

राज्यांना घटनेबद्दल कधी विचारले जाते, याची चर्चा आपल्या बैठकांत क्वचितच होते. केंद्र आणि राज्ये यांच्या अधिकारांच्या याद्यांना हात लावायचा तर संसदेची मंजुरी पुरत नाही, निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचा होकार लागतो. 368 वे कलम तसे सांगते. पण आमदारांना त्यात एक स्वल्पविरामही बदलता येत नाही. साध्या बहुमताने ठराव झाला की झाले. निम्म्यांनी मान डोलावली की उरलेल्या राज्यांनाही तीच घटना लागू.

मुंबई महापालिकेला या होकाराची किंमत बरोबर कळली होती. जकात हे तिचे मोठे उत्पन्न. ते जाणार म्हटल्यावर तिच्या बाजूने आवाज उठला, राज्याने भरपाईचा कायदा केला आणि जुलै 2017 मध्ये सुमारे 647 कोटी रुपयांचा पहिला हप्ता पालिकेच्या हाती पडला. यात आम्ही तिला दोष देत नाही. तिची माणसे जागी होती, इतकेच.

आता आपला हिशेब पाहू. 1950 साली घटना लागू झाली तेव्हा शेती आणि बाजार राज्यांकडे होते. टंचाईचे दिवस म्हणून 369 व्या कलमाने कापूस, सरकी, अन्नधान्य आणि वैरण यांच्या व्यापारावर कायदे करण्याची मुभा केंद्राला दिली, ती फक्त 5 वर्षांसाठी. जानेवारी 1955 मध्ये ही उसनवारी फिटायची होती. त्याआधीच तिसरी घटनादुरुस्ती मांडली गेली. निम्म्या राज्यांनी ती मान्य केली आणि आपला कापूस, सरकी, ज्वारी, कडबा सगळे समवर्ती यादीच्या 33 व्या नोंदीत कायमचे जाऊन बसले. तेव्हा आपला कोरडवाहू मुलूख तीन राज्यांत वाटलेला होता : खानदेश मुंबई राज्यात, मराठवाडा हैदराबादेत, वऱ्हाड मध्य प्रदेशात. एकत्र ओरडायला एक विधानसभाही नव्हती.

त्याच 1955 साली आवश्यक वस्तू कायदा आला. ज्वारीच्या लेव्हीपासून सरकीच्या बियाण्याच्या पाकिटावरील किमतीपर्यंत त्याचा हात पोचला. 2020 चा शेतीमाल व्यापाराचा कायदा करतानाही केंद्राने याच 33 व्या नोंदीकडे बोट दाखवले. तो 2021 साली मागे घेतला गेला. नोंद जागेवरच आहे. एवढ्या होकाराच्या बदल्यात कापूसवाल्याला काय मिळाले? भरपाईचा कायदा नाही, भावाची कायदेशीर हमी नाही.

घटनादुरुस्तीचा असा ठराव विधिमंडळापुढे पुन्हा येईल तेव्हा आमदाराने हात वर करण्याआधी त्याचा मसुदा जिल्ह्याच्या सभेत वाचून दाखवावा, अशी लेखी मागणी प्रत्येक तालुक्याने आतापासून करावी. त्या कागदावर एक प्रश्नही घालावा : कापूस आणि ज्वारी 33 व्या नोंदीतून बाहेर काढा, असा ठराव तुम्ही स्वतः कधी मांडणार?